शिमगा संपतो, कवित्व उरतं

शिमग्यात कोकणातल्या कुठल्याही गावात जा. होळीचं झाड खांद्यावरून आणताना फाका, म्हणजे चावट आरोळ्या, घातल्या जातात, होमाभोवती बोंबा मारल्या जातात आणि एरवी जपमाळ ओढणारे आजोबाही असे शब्द मोकळेपणाने उच्चारतात की सुनांनी पदर तोंडाला लावावा. हे कशासाठी, असं विचारलं की शिकलेली मंडळी हमखास सांगतात: वर्षभर साठलेला राग बाहेर पडतो, मनाचा निचरा होतो. ऐकायला हे फार छान वाटतं. प्रयोगांत मात्र ते टिकलेलं नाही.

या समजुतीमागे रागाचं एक ठरीव चित्र आहे. राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिटी झाली नाही तर झाकण उडणार. दडपलेल्या भावना बाहेर काढल्या की रुग्णाला उतार पडतो, असं ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये मांडलं. पुढे त्याचं 'उशी बडवा, ताटल्या फोडा, मोकळे व्हा' असं सोपं रूप झालं आणि ते घरोघरी पोचलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये याचीच परीक्षा घेतली. ६०० विद्यार्थ्यांना एक निबंध लिहायला लावला आणि दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या नावावर त्याची यथेच्छ निंदा करून तो परत दिला. पोरं तापली. मग काहींना बॉक्सिंगची पिशवी बडवायला सांगितली, समोर त्या निंदकाचा फोटो ठेवून. काहींनी तीच पिशवी व्यायाम म्हणून बडवली. उरलेले दोन मिनिटं नुसते बसून राहिले. त्यानंतरच्या एका खेळात निंदकाच्या कानात कर्कश आवाज सोडण्याची मुभा होती. आवाज किती मोठा आणि किती वेळ, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

फोटो बघत ठोसे मारणारे सगळ्यात जास्त चिडलेले निघाले आणि आवाजही त्यांनीच सगळ्यात कठोर सोडला. सगळ्यात कमी आक्रमक कोण? काहीच न करता बसलेले. बुशमन आणि सहकाऱ्यांच्या त्याआधीच्या, १९९९ च्या प्रयोगात तर पिशवी बडवायला ज्यांना मजा आली, तेच पुढे जास्त आक्रमक ठरले होते. म्हणजे 'मारून बरं वाटलं' हे खरं असू शकतं, पण बरं वाटणं आणि राग उतरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

असं का होतं, हे शरीराकडे पाहिलं की कळतं. राग आला की हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठतात, ॲड्रेनलिन वाहू लागतं. ठोसे मारताना शरीर आणखी तापतं आणि मन त्याच माणसाला चघळत बसतं. २०२४ मध्ये सोफी केर्विक आणि बुशमन यांनी दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. संथ श्वास, ध्यान, शिथिलीकरण असे शरीराला थंड करणारे उपाय राग कमी करतात. शरीर तापवणाऱ्या उपायांचा एकूणात उपयोग होत नाही, असं त्यातून दिसलं. रागावल्यावर धावायला जाण्याचा सल्लाही त्यात फारसा टिकला नाही.

मग शिमग्याचं काय? माझ्या मते शिमग्यातली बोंब हा राग नव्हेच. तिला ठरावीक दिवस आहेत, ती सगळ्यांनी मिळून मारायची असते आणि समोर कुणाचा फोटो नसतो. शिमग्यात खरी डोकी फुटतात ती पालखीच्या मानपानावरून. तिथे समोर माणूस असतो आणि त्याने आपल्याला मुद्दाम डावललं अशी खात्री असते.

ही 'मुद्दाम'ची खात्री फार घातक. केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये दाखवलं की कुणी केलं ते मुद्दाम की चुकून हे स्पष्ट नसतं, तेव्हा आक्रमक मुलं 'मुद्दामच केलं' असं धरून चालतात. मोठ्यांचं वेगळं काय? पावसात ढासळलेला जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे हद्दीची भिंत, चुलत्याने मे महिन्यात परत रचला. चार दगड इकडे सरकले की काय, असं वाटतं. मुंबईहून आलेला पुतण्या बघतो आणि त्याच्या डोक्यात गडगा राहत नाही; वीस वर्षांपूर्वीची आणेवारी म्हणजे जमिनीतले हिस्से, आजीच्या पाटल्या, तोडलेलं काजूचं झाड, सगळं एका रांगेत उभं राहतं. कवित्व म्हणतात ते हेच.

त्यात तो मे महिना. मोजणी, वाटण्या आणि भांडणं याच महिन्यात निघतात, कारण चाकरमानी तेव्हा गावात असतात. पण उष्म्यालाही मी थोडा वाटा देईन. लिओनार्ड बर्कोविट्झ यांच्या मते कुठलीही नकोशी जाणीव, मग ती वेदना असो की उकाडा, माणसाला आक्रमकतेकडे ढकलते. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात संशोधकांनी हिरवा दिवा लागूनही एक गाडी मुद्दाम उभी ठेवली आणि मागच्या गाडीचा हॉर्न मोजला. ऊन जितकं कडक, तितका हॉर्न जास्त. काचा उघड्या असलेल्यांचा तर विशेष. हा अभ्यास १९८६ चा. ती हवा कोरडी. आपल्याकडे दमटपणामुळे घाम वाळतच नाही.

हाणामारी लहान मुलं बघून शिकतात, हे अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या बाहुलीच्या प्रयोगामुळे सर्वांना ठाऊक आहे. रिचर्ड ट्रेम्ब्ले यांचं काम त्याहून बोलकं वाटतं. चावणं, ढकलणं, मारणं सगळ्यात जास्त असतं ते दोन ते चार वर्षांच्या वयात, पुढे ते कमी होत जातं. मारायला फारसं शिकवावं लागत नाही. हात आवरायला शिकवावं लागतं.

आवरायचा एक मार्ग म्हणजे लांबून बघणं. २०१२ च्या एका प्रयोगात संशोधकाने विद्यार्थ्यांना विनाकारण झापलं. घडलेला प्रसंग त्रयस्थासारखा, दुरून पाहायला सांगितलेले विद्यार्थी कमी चिडले. २००७ पासून गावोगावी सुरू झालेल्या तंटामुक्ती समित्यांचं यश-अपयश गावागणिक वेगळं असेल, पण तिसऱ्या माणसासमोर पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, यातही थोडं त्रयस्थपण आपोआप येतं.

आणि एक वेळेची गोष्ट. झिलमन आणि कँटर यांनी १९७६ मध्ये एक उद्धट संशोधक उभा केला. तो परीक्षेच्या ताणात आहे, हे ज्यांना आधीच सांगितलं ते फारसे रागावले नाहीत. ज्यांना नंतर सांगितलं त्यांचं डोकं तोवर फिरलेलं होतं, आणि ते इतक्या सहज खाली आलं नाही. तेव्हा गडगा घालायचा असेल तर गवंडी यायच्या आधीच मुंबईला फोन लावावा: दगड ढासळलेत, त्याच पायावर परत लावतोय, मोजणीचा नकाशा हवा असेल तर पाठवतो.