अमेरिकेतल्या विद्यापीठात सोरॉरिटीत प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि सहीआधी समजून घ्यायच्या गोष्टी

सोरॉरिटी म्हणजे तिथल्या विद्यार्थिनींची सदस्यत्वाची संघटना. आधी पात्रता पाहू, कारण बऱ्याच चौकशा इथेच संपतात. एमएस किंवा पीएचडीसाठी गेलेल्या मुलीला नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या सोरॉरिटीत 'रश' करता येत नाही, म्हणजे भरतीत भाग घेता येत नाही. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाच्या २६ सोरॉरिटी आहेत. त्यांची विद्यापीठातली भरती फक्त पदवीच्या विद्यार्थिनींसाठी असते. म्हणजे बारावीनंतर थेट तिकडे गेलेली, किंवा तिथेच वाढलेली मुलगी.

दुसरा गट कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक संघटनांचा, म्हणजे 'डिव्हाइन नाइन'चा. त्यांचा महासंघ १९३० मध्ये हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाला. नऊपैकी चार सोरॉरिटी आहेत. कमला हॅरिस ज्या अल्फा कप्पा अल्फाच्या सदस्य आहेत ती त्यांतली सर्वांत जुनी, १९०८ ची. इथल्या प्रवेशाला रश म्हणत नाहीत, 'इनटेक' म्हणतात. विद्यापीठात आधी काही क्रेडिट (अभ्यासक्रमांचे श्रेयांक) पूर्ण केलेले लागतात, त्यामुळे पहिल्या सत्रात बहुधा अर्ज करता येत नाही. समाजसेवेचा पुरावा आणि शिफारसपत्रंही मागतात. 'मी अर्ज करतेय' असं इन्स्टाग्रामवर जाहीर करणं तिथे अजिबात रुचत नाही.

तिसरा गट दक्षिण आशियाई सोरॉरिटींचा. कप्पा फाय गॅमा (ऑस्टिन), डेल्टा फाय ओमेगा (ह्यूस्टन) आणि सिग्मा सिग्मा ऱ्हो (न्यूयॉर्क) या तिन्ही १९९८ च्या. चॅप्टर (विद्यापीठातली शाखा) लहान, माहितीसभा आणि मुलाखतीतून निवड, आणि दार सर्व वंशांच्या मुलींना उघडं. मराठी मुलींना या सहसा मैत्रिणींकडून कळतात. मोठ्या भरतीच्या वेळापत्रकात त्या नसतात, त्यामुळे चौकशी स्वतःच करावी लागते.

पुढची प्रक्रिया पहिल्या गटाची, कारण नियम आणि तारखा सर्वांत काटेकोर तिथेच.

नोंदणी आणि कागदपत्रं

अर्ज एखाद्या सोरॉरिटीकडे करायचा नसतो. विद्यापीठाच्या पॅनहेलेनिक कौन्सिलच्या (तिथल्या या सोरॉरिटींच्या संयुक्त मंडळाच्या) पोर्टलवर एकच नोंदणी होते आणि ती सगळ्या चॅप्टरना दिसते. अनेक ठिकाणी ती उन्हाळ्यात उघडते आणि भरतीच्या काही दिवस आधी बंद होते. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलींना दुसऱ्या सत्रापर्यंत थांबावं लागतं. शुल्क कुठे शंभर डॉलरच्या आत, कुठे काहीशे, आणि बहुतेक ठिकाणी ते परत मिळत नाही.

फॉर्मला लागतं ते असं: विद्यार्थी क्रमांक, विद्यापीठाचा ईमेल, शाळेचे गुण, उपक्रमांची यादी, एक फोटो, गुण तपासायची लेखी परवानगी आणि काही ठिकाणी छोटा ओळख व्हिडिओ. वय अठराच्या आत असेल तर पालकांची सहीसुद्धा. फोटो पासपोर्टचा देऊ नका. पांढऱ्या पडद्यापुढचा गंभीर चेहरा तिथे शिक्षेसारखा दिसतो. खांद्यापर्यंतचा, हसरा, उजेडातला फोटो हवा.

आपल्याकडच्या मुलींचं दोन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं नाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात, विद्यापीठाच्या नोंदीत तीच जातात, आणि मुलगी पोर्टलवर नुसतं आपलं नाव टाकते. नोंदी जुळत नाहीत, गुणांची पडताळणी लटकते. विद्यापीठात जसं आहे तसंच नाव लिहा. हाक मारायचं नाव टाकायला वेगळा रकाना असतो.

दुसरं, गुण. फॉर्म चारच्या पट्टीवर जीपीए (गुणांची सरासरी) मागतो. टक्क्यांना पंचवीसने भागण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते, पण तिने बारावीचे ७२ टक्के २.८८ होतात, आणि चॅप्टरची अट ३ ची असेल तर पहिल्याच दिवशी नाव गळतं. महाराष्ट्र बोर्डातले ७२ आणि अमेरिकन शाळेतले ७२ एक नव्हेत. रूपांतर स्वतः करू नका. प्रवेश कार्यालयाने कोणता आकडा धरला ते विचारा, आणि तो नसेलच तर काय भरायचं ते पॅनहेलेनिक कार्यालयाकडून ईमेलवर लेखी घ्या.

शिफारसपत्रांची अट अनेक सोरॉरिटींनी अलीकडे काढली आहे. आई किंवा बहीण सदस्य असल्यास मिळणारं झुकतं मापही बऱ्याच जणींनी बंद केलं. ओळखीतल्या कुणा मावशीला शोधत बसू नका.

फेऱ्या

साधारण चार फेऱ्या: ओळख, समाजकार्य, 'सिस्टरहूड' (भगिनीभाव) आणि शेवटी प्रेफरन्स (पसंती). पहिल्या फेरीत सगळ्या चॅप्टरच्या घरी जायचं, प्रत्येक ठिकाणी वीस-तीस मिनिटं उभ्याने गप्पा. रोज रात्री दोन्ही बाजू आपापली यादी देतात आणि सकाळी नवं वेळापत्रक हाती पडतं. दक्षिणेकडच्या राज्यांत हे ऑगस्टच्या उन्हात चालतं. पिशवीत पाणी, जखमेवर लावायच्या पट्ट्या आणि सपाट चपला ठेवाव्यात. नवे सँडल दुपारपर्यंत पाय सोलतात. गप्पांत पाच 'ब' टाळायचे असा तिथला संकेत आहे: बॉईज (मुलगे), बूझ (दारू), बायबल (धर्म), बॅलट (राजकारण), बँक (पैसा). आपल्याला 'वडील काय करतात' हा प्रश्न साधा वाटतो. तिथे तो बँकेत मोडतो.

लोकप्रिय चॅप्टर पहिल्याच रात्री भरपूर नावं गाळतात. प्रत्येक चॅप्टरने किती मुलींना परत बोलवायचं तो आकडा मागच्या वर्षांच्या अनुभवावरून ठरवून दिलेला असतो. ज्यांच्याकडे सगळ्याच परत येतात त्यांना लवकर गाळावं लागतं, म्हणजे मुली खोट्या आशेवर अडकून राहत नाहीत. पहिल्या रात्री आवडतं घर गेलं म्हणून रागाने नाव मागे घेणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

ती एक सही

प्रेफरन्स फेरीला बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त दोन घरं उरतात. फेरी संपली की लगेच एक करार समोर येतो, त्यात पसंतीक्रम लिहायचा. हा करार बंधनकारक असतो. तुम्ही यादीत लिहिलेल्या चॅप्टरकडून बिड (सदस्यत्वाचं निमंत्रण) आली आणि तुम्ही ती नाकारली, तर त्या विद्यापीठात पुढच्या मुख्य भरतीपर्यंत या २६ पैकी कुठेही जाता येत नाही.

जुळणी अशी चालते. समजा प्रत्येक चॅप्टरला ६० मुली घ्यायच्या आहेत. तुम्ही पहिली पसंती 'अ', दुसरी 'ब' लिहिली. 'अ'च्या यादीत तुम्ही ७५ व्या. तुमच्या वरच्या १५ जणी त्यांच्या पहिल्या पसंतीच्या दुसऱ्या घरी गेल्या तर तुमचा नंबर 'अ'मध्ये लागतो. नाही सरकली यादी, तर 'ब'. पण तुम्ही फक्त 'अ' लिहिलं आणि यादी सरकली नाही, तर बिडच येत नाही. तेव्हा बंधन लागत नाही आणि जागा उरलेल्या चॅप्टरमध्ये नंतर खुल्या भरतीतून जाता येतं, पण कोट्यावर (ठरलेल्या ६० वर) जास्तीची जागा देऊन सामावून घेतात त्या मुलींत तुम्ही राहत नाही.

नियम सोपा ठेवा: जिथे खरंच जाल तेवढीच नावं लिहा. सही करण्याआधी बाहेर पडलात तर काहीच बंधन नाही. भरतीला आलेल्या मुलींचे गट केलेले असतात आणि करार भरताना प्रत्येक गटाची भरती-मार्गदर्शक, म्हणजे एक जुनी सदस्य, जवळ असते. तेवढ्या काळापुरती ती स्वतःच्या चॅप्टरपासून अलिप्त असते, त्यामुळे तिला मोकळेपणाने विचारा. या वेळी चॅप्टरमधल्या कुणी 'तुझं नक्की आहे' असं म्हटलं तर तो नियमभंग आहे, आश्वासन नव्हे. आणि बिड डे संध्याकाळी पाचला असेल तर न्यूयॉर्कच्या उन्हाळी वेळेनुसार तेव्हा नाशिकमध्ये रात्रीचे अडीच वाजलेले असतात; पालकांची सही लागणार असेल तर ती आधीच उरकून ठेवा.

पैसे

सत्राची वर्गणी काहीशे डॉलरपासून काही हजारांपर्यंत जाते. मोठा फरक चॅप्टरचं घर आहे की नाही यावर पडतो. पहिल्या वर्षी नवसदस्य शुल्क, दीक्षेचं (पूर्ण सदस्य होण्याच्या विधीचं) शुल्क आणि बॅजचे पैसे वेगळे. घरात न राहणाऱ्यांकडूनही घराच्या देखभालीचं शुल्क घेतात, बैठक चुकवली तर दंड असतो. एक खर्च कुणी आपणहून सांगत नाही: चॅप्टरच्या जेवणाचे पैसे सक्तीचे असतील आणि विद्यापीठाची मेसही सक्तीची असेल, तर दोनदा भरता. शाकाहारी जेवण म्हणजे तिथे कधीकधी नुसतं सॅलड, तेही विचारून घ्या. दुसऱ्या वर्षी घरात राहणं बंधनकारक आहे का, हा प्रश्न सहीनंतर नव्हे, तिसऱ्या फेरीत विचारायचा.

सदस्यत्वात काय येतं

बिड स्वीकारल्यावर काही आठवडे नवसदस्यत्वाचे, मग दीक्षा. दर आठवड्याला बैठक, ठरावीक जीपीए, समाजकार्याचे तास. प्रत्येकीचं कार्य ठरलेलं असतं: झीटा टाऊ अल्फाचं स्तनकर्करोग जागृतीचं, अल्फा काय ओमेगाचं कौटुंबिक हिंसेविरुद्धचं. एकदा दीक्षा झाली की २६ पैकी दुसऱ्या कोणत्याही सोरॉरिटीत आयुष्यात जाता येत नाही.

प्रवेशाच्या अटीपोटी झोप मोडणं, दारू पाजणं, अपमान करणं याला तिथे हेझिंग म्हणतात. आपल्या रॅगिंगचं हे भावंड, फक्त इथे बळी स्वतःहून अर्ज करून आलेली असते, आणि 'तिची संमती होती' ही सबब अनेक राज्यांत चालत नाही. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल संकेतस्थळावर द्यावा लागतो, तो वर्षातून किमान दोनदा अद्ययावत करायचा असतो. नोंदणी करण्याआधी तो उघडा आणि त्यात चॅप्टरचं नाव शोधा.

सोडायचं झालं तर बैठकीला जाणं बंद करून भागत नाही. वर्गणी चढत राहते आणि थकबाकी वसुली संस्थेकडे जाऊ शकते. चॅप्टरला लेखी राजीनामा द्या आणि तो मिळाल्याचं उत्तर जपून ठेवा. घरात राहण्याचा करार मात्र वेगळा असतो, आणि राजीनाम्यानेही तो मुदतीआधी संपत नाही.