चाळिशीत काम बदलताना : कोणता सल्ला विनामूल्य मिळतो आणि पैसे कशासाठी द्यावेत

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याच्या) हिशेबाचा दिवस. जुन्या सालाचा हिशेब मिटवून पुढचे साल त्याच मालकाकडे करायचे की दुसऱ्याकडे, हे त्या सुमारास समोरासमोर बसून ठरवण्याची रीत आहे. कारखाना, दुकान, खासगी शाळा किंवा कंपनी यांतील नोकरीला असा ठरलेला दिवस नसतो. त्यामुळे पंधरा वर्षे एकाच ठिकाणी काम केलेला माणूस बदलाचा विचार वर्षानुवर्षे मनात घोळवत राहतो आणि एखाद्या दिवशी साहेबांशी खटका उडाला की राजीनामा देऊन मोकळा होतो. आमच्याकडे येणारे पुष्कळ ग्राहक राजीनाम्यानंतर येतात. हे पत्रक त्याआधी वाचले जावे, म्हणून छापले आहे.

आमचे कार्यालय लहान आहे. आम्ही नोकरी लावून देत नाही आणि कोणत्याही शिक्षणसंस्थेचे प्रवेश घेत नाही; मधल्या वयात काम बदलू पाहणाऱ्यांना शुल्क घेऊन सल्ला देतो, एवढेच आमचे काम आहे. माहिती आणि सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र आरंभीच सांगितले पाहिजे. कोणता अभ्यासक्रम कुठे आहे, कोणत्या योजनेत किती अनुदान मिळते, कोणत्या परीक्षेला वयाची कोणती अट आहे ही माहिती सरकारी कार्यालयांत विनामूल्य मिळते आणि तिच्यासाठी कोणालाही, आम्हालासुद्धा, पैसे देण्याचे कारण नाही. स्वतःचा अनुभव, घरचा खर्च आणि बाजारातील मागणी यांची सांगड घालून निर्णयापर्यंत येताना दुसऱ्या माणसाची मदत लागते. शुल्क द्यायचे ते या मदतीचे.

जिथे पैसे लागत नाहीत, तिथे आधी जावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी राज्य शासनाचे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. जुने लोक त्याला अजूनही ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’ म्हणतात आणि बारावीनंतर तिथे काढलेले नोंदणीचे कार्ड आठवून हसतात. त्या कार्डावरून नोकरीचा कॉल येण्याचे दिवस संपले असले, तरी केंद्राचे काम संपलेले नाही. महास्वयंम संकेतस्थळावरील नोंदणी, रोजगार मेळावे आणि कौशल्य प्रशिक्षण यांची माहिती तिथे मिळते. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस ही सेवा 20 जुलै 2015 रोजी सुरू झाली. तिच्या संकेतस्थळावरील नोंदणीही विनामूल्य आहे आणि ती नोकरी करत असलेल्यांनाही करता येते.

ज्यांच्या हातात कसब आहे, पण कागद नाही, त्यांनी ‘पूर्व शिक्षणाची मान्यता’ या सोयीची चौकशी अवश्य करावी. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीच येत असलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची ही पद्धत आहे. एमआयडीसीतील चटईच्या किंवा पाइपच्या कारखान्यात दहा वर्षे मशीन चालवलेल्या ऑपरेटरला नव्याने शिकण्याची गरज नसते. त्याला जे येते ते दुसऱ्या गावातील मालकाला पटेल असा दाखला हवा असतो.

शिक्षण अर्धवट राहिले असेल, तर वयाची भीती बाळगू नये. आयटीआय प्रवेशासाठी किमान वय 14 वर्षे आहे, कमाल वयाची अट नाही. अडचण एवढीच, की तो दिवसभराचा अभ्यासक्रम असतो आणि चालू नोकरी सांभाळून तो करता येत नाही. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले असून त्याची अभ्यासकेंद्रे खान्देशातील महाविद्यालयांत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेला मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम असेल, तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. तथापि दूरशिक्षण देणाऱ्या खासगी विद्यापीठाच्या एजंटाकडे फी भरण्यापूर्वी तो विशिष्ट अभ्यासक्रम आयोगाच्या त्या वर्षाच्या यादीत आहे की नाही, हे स्वतः पाहावे.

स्वतःचा धंदा सुरू करायचा असेल, तर जिल्हा उद्योग केंद्रात जावे. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण प्रवर्गाला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींना ते अनुक्रमे 25 आणि 35 टक्के आहे. समजा, यावल तालुक्यातील एखाद्या गावात एका ताईंनी 5 लाख रुपयांचा सेवा प्रकल्प मंजूर करून घेतला, तर अनुदान 1,75,000 रुपये आणि त्यांचा स्वतःचा हिस्सा 5 टक्के, म्हणजे 25,000 रुपये होतो. परंतु अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत त्यांच्या कर्जाच्या नावे तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळते होते. शिवाय हे अनुदान नव्या उद्योगासाठी आहे, चालू धंद्याला ते लागू नाही. योजनेची चालू मुदत आणि निकष अर्जापूर्वी केंद्रात विचारून घ्यावेत. अर्ज ऑनलाइन आणि विनामूल्य भरता येतो, तरीही कित्येक जण एजंटाला पैसे देऊन तो भरतात.

राजीनाम्याआधीचा हिशेब

नोकरी कोणत्या महिन्यात सोडायची, हा प्रश्न गौण समजला जातो. प्रत्यक्षात त्यावर मोठी रक्कम अवलंबून असते. कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेबद्दल मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, मिळते (मुदतीच्या करारावरील कामगारांचा नियम वेगळा आहे). हिशेबाची रीत अशी, की शेवटचे वेतन, म्हणजे मुख्यतः मूळ वेतन आणि महागाई भत्ता, 15 ने गुणून 26 ने भागायचे आणि येणाऱ्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काम झालेले असेल, तर ते पूर्ण वर्ष धरतात. ज्याचे असे वेतन 26,000 रुपये आहे, त्याची दर वर्षाची ग्रॅच्युइटी 15,000 रुपये होते. 11 वर्षे 5 महिन्यांनी नोकरी सोडली तर त्याला 1,65,000 रुपये मिळतील आणि आणखी दोन महिने थांबून सोडली तर 1,80,000 रुपये मिळतील. या दोन महिन्यांत साहेबांचे चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, हे आम्हालाही मान्य आहे.

भविष्यनिर्वाह निधीबाबत सर्वांत जास्त नुकसान होते ते अजाणतेपणी. मालकाच्या 12 टक्के हिश्श्यातील 8.33 टक्के रक्कम, ठरलेल्या वेतनमर्यादेत, पेन्शन योजनेत जाते आणि दहा वर्षांची पात्र सेवा झाली तरच पुढे मासिक पेन्शनचा हक्क येतो. ही दहा वर्षे एकाच मालकाकडे व्हावी लागत नाहीत. जुने खाते त्याच यूएएन क्रमांकावर (पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकावर) नव्या नोकरीत वर्ग केले, तर आधीची सेवा पुढच्या सेवेत मिळवली जाते. मात्र सात-आठ वर्षांनी नोकरी सोडताना पीएफबरोबर पेन्शनचीही रक्कम काढून घेतली, तर ती सेवा संपते आणि पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. घरावर स्लॅब टाकायला किंवा बहिणीच्या लग्नाला पैसे लागले म्हणून हे घडते. अशा वेळी गरज खरी असते, पण काढलेल्या रकमेची खरी किंमत कोणी सांगितलेली नसते.

यांखेरीज ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) किंवा कंपनीच्या गटविम्याचे संरक्षण नोकरीबरोबर थांबू शकते, आणि गृहकर्ज घ्यायचे असल्यास बँक पगाराच्या पावत्या मागते. म्हणून विमा आणि कर्ज या दोन्हींचा विचार राजीनाम्याआधी करावा. अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचे पत्र हाती घेतल्याशिवाय शेवटच्या हिशेबाच्या कागदावर सही करू नये.

वयाचा हिशेबही याच ठिकाणी सांगणे योग्य. राज्य शासनाच्या बहुतेक सरळसेवा पदांसाठी कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षे आहे. छत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडून स्पर्धा परीक्षेच्या क्लासला पुण्याला जाण्याचा बेत घेऊन कोणी आले, तर आम्ही त्यांना आपल्या हातात भरतीच्या किती जाहिराती येऊ शकतील, ते बोटांवर मोजायला सांगतो. बहुतेकदा पुढचे काही बोलावे लागत नाही.

सल्लागार नेमके काय करतो

नोकरीविषयक मार्गदर्शनाचे शास्त्र फार जुने नाही. अमेरिकेत बोस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये असे पहिले कार्यालय उघडले. स्वतःला ओळखणे, कामांची माहिती घेणे आणि या दोहोंचा तर्काने मेळ घालणे ही त्यांनी सांगितलेली तीन अंगे आजही सोडता आलेली नाहीत. आमच्या अनुभवात खान्देशातील माणूस पहिल्याच अंगाशी अडतो, कारण स्वतःच्या कामाविषयी चार शब्द चांगले बोलणे त्याला फुशारकी वाटते.

दालमिलमध्ये बारा वर्षे मुनीमगिरी केलेल्या गृहस्थांचे उदाहरण घेऊ. ते म्हणतात, “मला फक्त हिशेब येतो.” दीड तास बोलल्यावर निघते ते असे, की टॅलीवर नोंदी, जीएसटीचे विवरण, ई-वे बिल, ट्रकभाड्याची घासाघीस, मालातील ओलाव्याप्रमाणे कपात, हमालांच्या टोळीचा हिशेब आणि हंगामात बँकेकडून उचल, ही सर्व कामे ते एकट्याने करत आले आहेत. मग त्यांच्यासमोर गोदाम सांभाळण्याचे काम, शेतकरी उत्पादक कंपनीचे लेखापाल, सनदी लेखापालांच्या कार्यालयातील जीएसटीचे काम किंवा केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरचे व्यवस्थापन असे चार रस्ते दिसू लागतात, आणि त्यांतला एकही नव्याने पदवी मागत नाही. बायोडाटात हे सर्व कसे मांडायचे, हा त्यानंतरचा आणि तुलनेने सोपा भाग आहे.

कल चाचण्यांबद्दल नेहमी विचारणा होते. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी सांगितलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या सहा प्रकारांवर आधारलेली, 60 प्रश्नांची एक चाचणी अमेरिकेच्या श्रम खात्याच्या ओ-नेट या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य देता येते. ती इंग्रजीत आहे, म्हणून लागल्यास आम्ही सोबत बसून मराठीत समजावतो. चाचणीतून आवड कळते. त्या आवडीला भुसावळात किंवा शहाद्यात कोण पगार देईल, हे चाचणी सांगत नाही. त्यासाठी ते काम करणाऱ्या निदान तिघांना भेटावे. आपल्याकडे कोणाचा ना कोणाचा मामा किंवा मेव्हणा त्या धंद्यात असतोच, आणि हिवाळ्यात मळ्यावरच्या वांग्याच्या भरताच्या पार्टीत जे कळते ते कोणत्याही संकेतस्थळावर नसते. मात्र नातलग पगार खरा सांगतात आणि तोटा लपवतात, हे ध्यानात ठेवून ऐकावे.

पैसे देऊ नयेत असे व्यवहार

नोकरीची हमी देऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणाऱ्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. तिची फी हजारांत असते आणि अहवाल रंगीत असतो, एवढेच. आखाती देशांत कामाला पाठवतो म्हणणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे तपासावे. नोंदणीकृत एजंटालाही 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. ऑनलाइन फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

सल्लागार निवडतानाही, आम्हाला धरून, एक प्रश्न अवश्य विचारावा : आपण सुचवलेल्या संस्थेकडून आपल्याला कमिशन मिळते का? उत्तर द्यायला वेळ लागला, तर चहा पिऊन निघावे.

आमचे शुल्क

दूरध्वनीवरील पहिली वीस मिनिटे विनामूल्य आहेत. त्या बोलण्यात आपले काम सरकारी केंद्रात होण्यासारखे दिसले, तर आम्ही तसे सांगतो आणि बैठक ठरवत नाही. दीड तासाच्या एका बैठकीचे शुल्क 700 रुपये असून तीन बैठका एकत्र घेतल्यास 1,800 रुपये होतात. त्यात बायोडाटा आणि राजीनाम्याआधीचा लेखी हिशेब येतो. रक्कम दोन हप्त्यांत देता येते. धडगाव किंवा अक्कलकुवा येथून येणाऱ्याचा पूर्ण दिवस, मजुरी आणि भाडे मोडते, म्हणजे त्याला हाच सल्ला आमच्या शुल्कापेक्षा किती तरी महाग पडतो. म्हणून दूरच्या ग्राहकांसाठी पहिली बैठक प्रत्यक्ष आणि पुढच्या दोन संध्याकाळी दूरध्वनीवर घेतल्या जातात. रविवारी सकाळी कार्यालय उघडे असते. बोलणे मराठीत, अहिराणीत किंवा लेवा बोलीत, ज्यात आपल्याला मोकळे वाटेल त्यात होईल.

येताना पगाराच्या शेवटच्या तीन पावत्या, पीएफचे पासबुक, असल्यास नेमणुकीचे पत्र आणि घरच्या महिन्याच्या खर्चाचा कागद आणावा. तो कागद घरातील कारभार पाहणाऱ्या व्यक्तीकडून लिहून आणावा, आणि शक्य असल्यास त्यांनाही सोबत आणावे. त्यांचे वेगळे शुल्क नाही.