‘त्यांच्यातलं असेल’: बघ्यांच्या गर्दीमागचा इतिहास

१८ जून २०२४ च्या सकाळी वसई पूर्वेला एका तरुणीला तिच्या पूर्वीच्या मित्राने भररस्त्यात लोखंडी पान्याने मारून टाकलं. व्हिडिओत एक जण पुढे होताना दिसतो, मारेकरी त्याच्यावर उलटतो, तो मागे सरतो. बाकीचे लांबून पाहत राहिले. लगेच ‘माणुसकी मेली’ सुरू झालं.

हे मुंबईच्या आसपास पूर्वीही म्हणून झालं होतं. ऑगस्ट २००२ मध्ये रात्रीच्या बोरिवली लोकलमध्ये एका गतिमंद मुलीवर बलात्कार झाला, तेव्हा डब्यात पाच प्रवासी होते. कोणीही बलात्काऱ्याला आवरलं नाही. त्या पाचांवर त्या काळी वर्तमानपत्रांतून भरपूर आगपाखड झाली.

मध्ये पडलेल्यांचं काय होतं, हे ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीतल्या अंबोलीत दिसलं. सोबतच्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना दोन तरुणांनी हटकलं. ते टोळकं शस्त्रं घेऊन परत आलं आणि दोघेही जिवानिशी गेले. आरोपींना जन्मठेप झाली मे २०१६ मध्ये. ‘नसतं लचांड नको’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात हेच असतं: आधी चाकूची भीती, मग साक्षीसाठी कोर्टाच्या फेऱ्या. त्याला नुसतं भित्रा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

पण भीती हे एकच कारण नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. नट-नटीने लोकांसमोर मारामारीचं नाटक केलं. बाई ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ असं ओरडली तेव्हा ६५ टक्के लोक मध्ये पडले. ‘तुमच्याशी लग्न का केलं कुणास ठाऊक’ असं म्हणाली तेव्हा फक्त १९ टक्के. मारहाण तीच, ओरडणं तेवढं वेगळं. आपल्याकडे या अंदाजाला तयार शब्दच आहेत: घरचा मामला, प्रेमप्रकरण, त्यांच्यातलं असेल. चाळीत शेजारची बाई मार खाताना दार लोटून घ्यायची सवय आहे, तीच रस्त्यावर येते.

अर्थात पुण्याच्या सदाशिव पेठेत २७ जून २०२३ ला हे गणित चुकलं. तिथेही कोयता घेऊन मागे लागलेला तरुण मुलीच्या ओळखीचाच होता. तरीही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं धावली आणि तिचा जीव वाचला.

कायदा इथे गंमतीशीर आहे. दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करण्याचा हक्क १८६० च्या दंड संहितेतच, कलम ९७ मध्ये होता. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. हक्क आहे, सक्ती नाही. ३० नोव्हेंबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात छेडछाडीबाबत निर्देश दिले. बसस्टँडवर महिलेशी गैरवर्तन केल्याबद्दल बडतर्फ झालेल्या पोलिसाचं ते प्रकरण. असा प्रकार दिसला तर पोलीस ठाण्याला किंवा महिला हेल्पलाइनला कळवण्याची जबाबदारी येणाऱ्या-जाणाऱ्यांचीही आहे, असं त्यात म्हटलं होतं. न कळवणाऱ्याला शिक्षा काय, ते नव्हतं. बरोबर सोळा दिवसांनी दिल्लीतल्या धावत्या बसमधली ती सामूहिक बलात्काराची घटना घडली. रस्त्याकडेला टाकून दिलेल्या जखमींजवळून गाड्या जात राहिल्या, असं त्या मुलीच्या मित्राने नंतर सांगितलं.

पुढे संरक्षण मिळालं, पण वेगळ्याच मदतनीसाला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही आणि त्याला खटल्यातही गोवता येत नाही. हे कलम फक्त वाहन अपघातापुरतं आहे. लोकलमध्ये एखाद्या मुलीसाठी उभ्या राहणाऱ्याला ते लागू होत नाही.