प्रगत परिसर व्यवस्थापन (एएलएम), मुंबई

एखाद्या गल्लीतल्या किंवा रस्त्यावरच्या रहिवाशांनी एकत्र येऊन आपल्या परिसराच्या स्वच्छतेची आणि देखरेखीची जबाबदारी बृहन्मुंबई महापालिकेबरोबर वाटून घ्यायची, अशी ही पद्धत. ‘अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ या इंग्रजी नावावरून मुंबईकर तिला सरसकट ‘एएलएम’ म्हणतात. मराठी नाव फक्त सरकारी कागदांवर राहिले. गटातले सगळे काम बिनपगारी असते.

सुरुवात झाली ती घाटकोपर पूर्वेतल्या जोशी लेनमध्ये, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. साचलेल्या कचऱ्याला कंटाळलेल्या रहिवाशांनी घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करायला घेतला. त्याच्या बदल्यात पालिकेने गल्लीची कामे मनावर घ्यावीत, असा सरळ व्यवहार होता. तो जमला, तेव्हा पालिकेने ही पद्धत शहरभर नेली आणि पुढच्या काही वर्षांत शेकडो गट उभे राहिले. मला यातली क्रमवारी फार महत्त्वाची वाटते. आधी गल्लीने स्वतःचा कचरा आवरला आणि मग हक्काने मागणी केली. त्यामुळे पालिकेच्या कर्मचाऱ्यांना हे लोक तक्रारखोर न वाटता आपल्या कामातले भागीदार वाटू लागले.

एका गटात साधारण हजारभर रहिवासी धरले जातात. गटाची नोंद वॉर्ड ऑफिसात होते आणि त्याच्याशी बोलायला पालिकेचा एक अधिकारी नेमलेला असतो. वॉर्डाचे सहायक आयुक्त या गटांच्या बैठका घेतात. त्यांत फुटलेले झाकण, बंद पडलेला दिवा, पावसाळ्याआधी न उपसलेले गटार, फुटपाथवरचा राडारोडा असे विषय निघतात. मुरलेला कार्यकर्ता बैठकीला रिकाम्या हाताने जात नाही. पिशवीत आधीच्या प्रत्येक पत्राची प्रत असते, आवक-जावक खिडकीवरचा शिक्का आणि क्रमांक घेतलेली. ‘बघतो, करतो’ असे उत्तर आले की तो ती प्रत टेबलावर ठेवतो. गटाला कायद्याने कोणताही अधिकार नाही. त्याचे बळ या शिक्क्यांत आणि न चुकता लावलेल्या हजेरीत असते.

कामाचा गाभा मात्र ओला कचराच राहिला. खताच्या खड्ड्यासाठी सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात विटा सांधी ठेवून रचायच्या, म्हणजे हवा खेळती राहते. तळाशी सुकी पाने, वर भाजीची देठे, फळांची साले, चहाचा चोथा, पुन्हा पाने. विरजणासारखे आधीच्या खताचे मूठभर मिश्रण घालायचे. दीड-दोन महिन्यांत तिथे काळी, भुसभुशीत माती तयार होते. वास आला तर समजावे की पाणी जास्त झाले किंवा पाने कमी पडली. बहुतेक सोसायट्यांतला विरोध या पहिल्या वासापाशीच उभा राहतो, आणि तो निस्तरणारे एक-दोन चिवट माणसे नसतील तर खड्डा बुजवला जातो.

या कामाला हात लाभले ते कचरावेचक बायकांचे. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८मध्ये ‘परिसर विकास’ उपक्रम सुरू केला. उकिरड्यावर कागद-प्लास्टिक वेचणाऱ्या बायकांना तिने खत करण्याचे आणि कचरा हाताळण्याचे शिक्षण दिले, आणि ‘परिसर भगिनी’ म्हणून त्या सोसायट्यांच्या आत कामाला येऊ लागल्या. एएलएमच्या इतिहासात सेक्रेटरी आणि अध्यक्षांची नावे लिहिली जातात. या बायकांचा उल्लेख क्वचितच येतो, आणि तो आधी यायला हवा.

१९२७पासून वापरात असलेली देवनारची कचराभूमी जानेवारी २०१६मध्ये पेटली आणि धुराने उपनगरे कोंडली, तेव्हा गल्लीतल्या खड्ड्याचे मोल सगळ्यांना कळले. त्याच वर्षी केंद्राचे घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले. पुढे २०१७मध्ये महापालिकेने रोज १०० किलोंहून अधिक ओला कचरा करणाऱ्या किंवा २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना त्याची विल्हेवाट आवारातच लावायला सांगितले. जे वीस वर्षे स्वेच्छेचे होते, ते मोठ्या संकुलांपुरते तरी सक्तीचे झाले.

कचऱ्यापासून निघालेली ही वाट काही ठिकाणी राजकारणापर्यंतही गेली. २००७च्या पालिका निवडणुकीत जुहूच्या नागरिक गटांनी अडॉल्फ डिसोझा यांना आपला उमेदवार म्हणून उभे केले आणि ते निवडून आले. मात्र २२७ जागांच्या सभागृहात असा एकटा नगरसेवक किती रेटणार, हा प्रश्न होताच. शिवाय अनेक नगरसेवकांना हे गट आपल्या अधिकारात ढवळाढवळ करणारे वाटत, कारण लोक त्यांना वगळून थेट अधिकाऱ्याकडे जात.

एएलएमवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला रास्त वाटतो. हे गट मुख्यतः पक्क्या इमारतींच्या, मध्यमवर्गीय वस्त्यांत रुजले. झोपडपट्ट्यांसाठी पालिकेची वेगळी ‘दत्तक वस्ती योजना’ होती. म्हणजे एकाच शहरात नागरिकांच्या सहभागाच्या दोन पंगती. काही एएलएमच्या पत्रांत फेरीवाला हा कचऱ्याच्याच यादीत बसवलेला दिसे. भाजीवाला उठला की गल्ली ‘स्वच्छ’ झाली, असे मानणाऱ्या गटाने परिसराचा अर्थ फार तोकडा केला.

कायद्यात नागरिकांसाठी जागाच नाही, असेही नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, पण मुंबईत एकेका समितीखाली लाखो माणसे येतात. त्याखालच्या पातळीसाठी राज्याने २००९मध्ये क्षेत्रसभांची तरतूद केली. गावच्या ग्रामसभेसारखी शहरातली सभा, ही ती कल्पना. प्रत्यक्षात ती बहुतेक कागदावरच राहिली. तिची उणीव एएलएमसारखे, फक्त वॉर्ड ऑफिसात नोंद असलेले गट जमेल तशी भरून काढत आले. ७ मार्च २०२२ला पालिका सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात ‘आमच्या गल्लीचे कोणाला सांगायचे’ या प्रश्नाला वॉर्ड ऑफिसातली बैठक हेच अनेकांसाठी उत्तर होते.

वॉर्डावॉर्डांत फरक मोठा आहे. अधिकारी बैठक नियमित घेणारा असला की गट टिकतात. त्याची बदली झाली की काही ठिकाणी बैठकाच थांबतात. बरेच जुने कार्यकर्ते आता सत्तरी ओलांडलेले आहेत आणि पत्रांची ती पिशवी पुढे कोणाच्या हाती द्यायची, हे अनेक गल्ल्यांत अजून ठरलेले नाही.