कौटुंबिक हिंसा आणि कौशल्य प्रशिक्षण (मुंबई)

नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या छळातून बाहेर पडलेल्या, किंवा अजून त्याच घरात राहत असलेल्या बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे यावेत म्हणून तिला शिकवलेलं काम. मुंबईत नेहमीचे कोर्स म्हणजे शिवण, फॉल-पिको, पार्लर, कॉम्प्युटर, पेशंटची देखभाल, आणि हल्ली ड्रायव्हिंगसुद्धा.

कौटुंबिक हिंसेपासून बायकांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात (लागू २६ ऑक्टोबर २००६) हिंसा म्हणजे नुसती मारहाण नाही, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन विकून टाकणं हाही छळच.

या शहराला बायकांच्या हातच्या कामाचा इतिहास जुना आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तेच पुढे लिज्जत झालं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. दोन्ही काही हिंसेसाठी म्हणून निघालेली नव्हती, पण येत होतं त्याच कामाचा तिथे धंदा झाला, आणि आजचे बरेच कोर्स नेमकं हेच विसरतात असं वाटतं.

मदतीची सुरुवात मात्र बहुतेक वेळा क्लासमधून होत नाही. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात छळ सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र आलं. आधी जीव सांभाळायचा, मग कामाचं बघायचं. तरी क्लासचा एक उपयोग कुठल्याच माहितीपत्रकात नसतो, 'शिवणक्लासला जाते' म्हटलं की घरात फारसं कोणी विचारत नाही आणि त्याच दोन तासांत वकिलाकडेही जाऊन येता येतं.

गाडी अडते ती खोलीवर. नालासोपाऱ्याला नाहीतर मुंब्र्याला जरी बघितली तरी डिपॉझिट लागतं, वर एजंट पहिला प्रश्न विचारतो, मिस्टर कुठे असतात? आधार, रेशनकार्ड सासरी राहिलेलं, बँकेचे मेसेज नवऱ्याच्या मोबाईलवर, म्हणून मशीन चालवायला शिकण्याआधी स्वतःच्या नंबरवर स्वतःचं खातं उघडणं जास्त गरजेचं. पिकोचे पैसे पीसवर, तेही सणाच्या आधी बरे आणि एरवी जेमतेम. ब्युरोतून पेशंटकडे बारा तासांची ड्युटी मिळाली तर पैसे लवकर सुटतात पण मग मुलं कोणाकडे ठेवायची, पाळणाघराची फी कमाईतला मोठा घास खाते.

बाई कमवायला लागली की त्रास थांबतोच असं नाही, कधीकधी वाढतो, नवरा कामाच्या ठिकाणी येऊन तमाशा करतो. त्यासाठी २००५ च्याच कायद्याच्या कलम १८ खाली त्याला तिथे यायलाच मनाई करणारा आदेश मॅजिस्ट्रेटकडून मिळू शकतो. आणि कोर्टात 'ती शिकलीय, कमवू शकते, मग पोटगी कशाला' हे हमखास ऐकायला मिळतं, पण कमवू शकणं वेगळं आणि खरंच कमावणं वेगळं, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं आहे.