दंडाला पट्टा बांधला की

रक्त द्यायला लॅबमध्ये गेलं की सिस्टर दंडाला रबरी पट्टा आवळतात, "मूठ वळा" म्हणतात आणि कोपराच्या खोबणीत बोटाने चाचपून शीर शोधतात. पट्टा आवळायचा तो बेतानेच. शिरांतून वर जाणारं रक्त अडावं, पण खोलवरच्या धमनीतून हातात उतरणारं चालूच राहावं. येणं सुरू, जाणं बंद. मग शीर टम्म फुगते.

विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 साली रक्ताभिसरण सिद्ध केलं, ते दंडाला अशीच पट्टी बांधून. तोवर युरोपातले वैद्य प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनची शिकवण प्रमाण मानत: रक्त यकृतात तयार होतं आणि अवयवांत खर्ची पडतं. हार्वेने साधा हिशेब मांडला. हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त बाहेर ढकलतं, तेवढं अख्ख्या शरीरात नसतंच. मग तेच रक्त फिरत असलं पाहिजे. आजच्या मापाने ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला 5 लिटर; आणि मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच.

त्याचा प्रयोग घरी करता येतो. हात खाली सोडा आणि मनगटापासून वर जाणारी एखादी ठळक शीर निवडा. एका बोटाने ती मनगटाकडच्या बाजूला दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने शीर निपटत न्या आणि ते बोट उचला. मध्ये झडप असेल तर तिथपर्यंतचा भाग सपाटच राहतो, वरचं रक्त मागे येत नाही. आता पहिलं बोट उचला. क्षणात शीर भरते, तीही खालून. मला शरीरशास्त्रातला याहून सुंदर प्रयोग माहीत नाही.

धमन्यांना अशा झडपा लागत नाहीत, त्यांना मागून हृदयाचा रेटा असतो. तो सोसायला त्यांची भिंत जाड असते: आत पेशींचं गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायू आणि लवचिक तंतू, बाहेर चिवट आवरण. महाधमनी ठोक्याबरोबर फुगते आणि दोन ठोक्यांमध्ये आक्रसून रक्त पुढे ढकलते, म्हणून प्रवाह खंडत नाही. शिरांमध्येही हेच तीन थर असतात, पण मधला पातळ. त्या चटकन फुगतात आणि शरीरातलं जवळपास दोन तृतीयांश रक्त सामावून घेतात. त्या निळ्या दिसतात ती प्रकाशाची करामत. आतलं रक्त गडद लालच असतं.

धमनीतलं रक्त शिरेत पोचतं कसं, हे मात्र हार्वेला दिसलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1661 मध्ये, इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या. यांची भिंत एका पेशीच्या जाडीची असते आणि वाट इतकी अरुंद, की तांबड्या पेशींना अनेकदा अंग दुमडून एकामागून एक जावं लागतं. रक्ताचा वेग इथे सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी होतो. ऑक्सिजन आणि साखर ऊतींना द्यायची, कार्बन डायऑक्साइड उचलायचा, ही सारी देवघेव इथेच होते. बाकीच्या वाहिन्या फक्त ने-आण करतात.

केशवाहिन्या ओलांडेपर्यंत रक्ताचा दाब बराच ओसरलेला असतो. पायातलं रक्त मग वर चढतं कसं? पोटरीच्या जोरावर. चालताना तिचे स्नायू खोल शिरांना पिळतात, रक्त वर सरकतं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. माणूस निश्चल उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या 90 मिलिमीटरच्या आसपास असतो; चालू लागला की तो 30 पर्यंत उतरतो. शाळेच्या मैदानावर झेंडावंदनाला ताठ उभं असलेलं एखादं मूल भोवळ येऊन पडतं, त्यामागेही बऱ्याचदा पायांत साठलेलं रक्त असतं. ते आडवं झालं की पायातलं रक्त हृदयाकडे परततं आणि मूल सहसा लगेच सावरतं.

वर्षानुवर्षं उभ्याने काम करणाऱ्यांना, वाहतूक पोलिसांना, शिक्षकांना, पायाच्या शिरा फुगण्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त. शीर ताणून रुंद झाली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत. फटीतून परतलेलं रक्त खालच्या झडपेवर येतं, तीही ताणली जाते, मग तिच्या खालची.