जत्रेतलं नाटक आणि लेखकाची परवानगी

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात सुरू झाला. फादर स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, ते इन्क्विझिशनच्या परवान्यानिशी. परवानगी घ्यायची ती धर्मसत्तेची. लेखकाला कोण विचारतो!

लेखकाचा हक्क कायद्यात आला इंग्लंडमध्ये, १७१० साली. पोर्तुगालने १८५१ मध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ३० वर्षं वारसांचा हक्क मान्य केला, १८६७ च्या नागरी संहितेने ती मुदत ५० वर्षं केली, आणि ही संहिता १८७० पासून गोव्यातही लागू झाली. मुक्तीनंतर इथे भारताचा १९५७ चा कॉपीराईट कायदा आला. त्यातही मुदत ५० वर्षांचीच होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे हक्क संपायला आले तेव्हा, १९९२ मध्ये, ती ६० वर्षांवर नेली. कविवर्यांच्या निमित्ताने सगळ्याच लेखकांच्या वारसांचं भलं झालं.

ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. देवल १९१६ मध्ये गेले आणि खाडिलकर १९४८ मध्ये, म्हणून त्यांची नाटकं आज कुणीही करावीत. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील.

गोव्यात हा प्रश्न गावोगावी येतो, कारण देवळाच्या जत्रेला नाटक हवंच. संहितेच्या पहिल्या पानावर बहुधा छापलेलं असतं: प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक. तालमीच्या घाईत ते पान कुणी वाचत नाही. पण जत्रेच्या मंडळांना कायद्याचाच आधार आहे, हे अनेकांच्या गावीही नसतं. कलम ५२ नुसार हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला किंवा धर्मसंस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. देवळापुढच्या मांडवातलं फुकट नाटक यात चपखल बसतं. तरी लेखकाला आधी कळवावं आणि जमेल ते मानधन पाठवावं, असं माझं मत. कायदा मागत नाही म्हणून रीत सोडायची नसते.

ही सूट मात्र प्रयोगापुरतीच. तेच नाटक कोकणीत आणायचं, त्याचं पुस्तक छापायचं किंवा प्रयोग चित्रित करून यूट्यूबवर टाकायचा, तर परवानगी लागते. हल्ली पहिल्या रांगेपुढे तिकाटण्यावर मोबाईल लावलेला असतोच, आणि घोटाळा होतो तो तिथे.

कथेचं तसं नाही. नुसत्या कल्पनेवर, कथासूत्रावर किंवा पौराणिक-ऐतिहासिक घटनेवर कॉपीराईट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं. कीचकाचा वध महाभारतातला आहे, तो कुणीही रंगवावा. दुसऱ्या नाटककाराचे संवाद मात्र उचलू नयेत.

गाण्यांचा वाद वेगळ्या वाटेने आला. धार्मिक विधीत आणि लग्नसमारंभात वाजवलेल्या संगीताला कायद्यात सूट आहे. तिचा आधार घेऊन, अशा समारंभांतल्या गाण्यांसाठी परवानगी किंवा शुल्क मागू नये, असं परिपत्रक गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं: कायद्यातल्या सुटीची व्याप्ती परिपत्रकाने वाढवता येत नाही. कायद्यातली सूट तशीच आहे. कोणत्या समारंभाला ती लागू पडते, हे त्या-त्या प्रसंगावरून ठरतं.